पन्नास रुपयांचा सेल आणि अर्जाची तारीख

मैत्रिणींनो, जळगाव-धुळ्याच्या उन्हाधुळीत आपल्या केंद्रांतले देणगीचे संगणक थकतात. आमच्याकडे एका बाईचा छळाचा अर्ज चक्क २००९ सालचा म्हणून छापला गेला. वकीलबाईंच्या लक्षात आले म्हणून बरे! दोष मदरबोर्डवरच्या बटणाएवढ्या सेलचा, सीआर २०३२ चा. वीज नसताना आतले घड्याळ त्यावरच चालते. पन्नासेक रुपयांत काम झाले.

यंत्र सुरूच होत नसेल तर प्लग काढून रॅमची सोनेरी टोके खोडरबराने हलकेच पुसून पाहा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला. लिनक्स मिंट फुकट मिळते, ४ जीबी रॅमवर चालते.

भंगारात देताना मात्र हार्डडिस्क काढून घ्या. नुसते डिलीट केलेले परत काढता येते, आणि तिच्यात घर सोडून आलेल्या बायकांचे पत्ते असतात.