भूल कोणती, आणि ती ठरवावयाची कुणी?

(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील कार्यकर्त्यांपुढील भाषण)



मुंबई शहर जे पाणी पिते त्यातील मोठा वाटा शहापूर तालुक्यातील तानसा आणि भातसा ह्या जलाशयांतून जातो. ही गोष्ट ह्या भागातल्या प्रत्येक सभेत सांगितली जाते आणि सांगितली जावी हेही योग्यच. आजचा विषय पाण्याचा नाही; परंतु त्याच नात्याचा आहे. मुंबईतल्या बाईला जे सहज मिळते ते डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसई ह्या परिसरातल्या बाईच्या वाट्याला कितपत येते, हा तो प्रश्न. तो एका लहानशा वाटणाऱ्या बाबीतून पाहावयाचा आहे. बाळ आडवे आहे, किंवा आधीच्या दोन खेपा सिझेरियनच्या आहेत, म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरली. त्या दिवशी बाईच्या पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करावा, की पूर्ण भूल देऊन तिला झोपवावे?

हा डॉक्टरांचा विषय. कार्यकर्त्याचे त्यात काय काम, असे कुणी विचारील. पण आदल्या दिवशी संध्याकाळी घरची माणसे डॉक्टरकडे जात नाहीत. ती आशाताईकडे येतात, अंगणवाडीच्या बाईंकडे येतात, नाहीतर वस्तीवरच्या कार्यकर्त्याकडे येतात. सासू म्हणते, पाठीत सुई घेतली की बाईची कंबर जन्माची जाते. नवरा म्हणतो, तिला झोपवूनच टाका, म्हणजे कटकट नको. आणि जिच्या शरीरावर शस्त्रक्रिया व्हावयाची ती कोपऱ्यात गप्प बसलेली असते. दुसऱ्या दिवशी संमतीच्या कागदावर तिचा अंगठा उमटतो. त्या कागदावर काय लिहिले आहे हे तिला कुणी सांगितले होते काय, एवढाच खरा प्रश्न आहे.

भुलेच्या शास्त्राचा इतिहास फार जुना नाही. १८४६ साली बोस्टनमध्ये मॉर्टन ह्याने ईथरचा जाहीर प्रयोग केला. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या सिम्प्सनने प्रसूतीसाठी क्लोरोफॉर्म वापरला, तेव्हा धर्माच्या नावाने आक्षेप निघाले : वेदना हीच स्त्रीची नियती, ती टाळणे पाप. १८५३ साली व्हिक्टोरिया राणीने आपल्या प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म घेतला आणि वेदनेतून सुटका ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. जे राणीला मान्य झाले ते सामान्य बाईपर्यंत पोहोचावयास किती काळ लागला, हा हिशेब मात्र अजून पुरा झालेला नाही. १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी ह्यांच्या माहेरचे घराणे कल्याणचे. मुरबाडचा रस्ता जेथे जाऊन मिळतो ते हेच कल्याण. त्यांनी आपल्या पदवीसाठी प्रबंधाचा विषय निवडला तो प्रसूतिशास्त्राचा. स्वतःचे पहिले मूल अवघ्या दहा दिवसांत गमावलेल्या त्या मुलीला हा विषय का निवडावासा वाटला असेल, हे वेगळे सांगावयास नको.

पाठीतल्या भुलेचा यशस्वी वापर जर्मनीतील ऑगस्ट बिअर ह्याने १८९८ साली केला. तिची रीत समजून घ्यावी. माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या वरच्या मणक्यांपाशी संपतो. सुई दिली जाते ती त्याच्याही खाली, जेथे पाण्यासारख्या द्रवात केवळ मज्जातंतूंचे धागे तरंगत असतात. तेथे थोडेसे औषध सोडले की पाच-दहा मिनिटांत छातीच्या खालपासून पायापर्यंतचा भाग बधिर होतो आणि तो दीड-दोन तास तसा राहतो. बाई जागी असते. ओढल्यासारखे, दाबल्यासारखे तिला जाणवते. पण कापल्याची वेदना जाणवत नाही. बाळाचे पहिले रडणे तिच्या कानी पडते आणि त्याला लवकर छातीशी धरता येते.

ह्या भुलेचेही उपद्रव आहेत आणि ते लपवू नयेत. रक्तदाब एकाएकी उतरतो. मळमळते, घाबरे होते. म्हणून बाईला किंचित डाव्या कुशीवर कलते ठेवतात, सलाइन चालू असते आणि दाब चढविणारे औषध हाताशी असते. थंडी भरल्यासारखी थरथर सुटते. काही जणींना एक-दोन दिवसांनी डोके दुखू लागते. उठून बसले की वाढते, आडवे झाले की कमी होते. बारीक आणि विशिष्ट टोकाच्या सुया आल्यापासून हे प्रमाण पुष्कळ घटले आहे. आणि जन्माची कंबर जाते, हे मात्र खरे नाही. सुई टोचलेली जागा काही दिवस दुखते, तेवढेच. बाळंतपणानंतरची कंबरदुखी पाठीतली भूल न घेतलेल्या बायकांनाही होते. तिचे मूळ गरोदरपणात वाकलेल्या कण्यात आहे, आणि आठव्या दिवशी डोक्यावर हंडा व हातात विळा देणाऱ्या जगण्यातही आहे. सुईला दोष देऊन ते जगणे सुटत नाही.

आता पूर्ण भूल. शिरेतून औषध देऊन बाईला क्षणात झोपवितात, स्नायू सैल करतात आणि श्वासनलिकेत नळी घालून यंत्राने श्वास देतात. एरवीच्या शस्त्रक्रियेत ही रोजची गोष्ट. गरोदर बाईत ती अधिक जोखमीची. तिच्या घशाला सूज असते, त्यामुळे नळी घालणे अवघड होते. श्वास थांबला तर तिच्या रक्तातील प्राणवायू झपाट्याने घटतो. आणि वाढलेल्या गर्भाशयामुळे पोटातले आम्ल वर येऊन फुप्फुसात उतरण्याची भीती असते. १९४६ साली न्यूयॉर्कच्या मेंडेलसन ह्या डॉक्टरांनी ह्या शेवटच्या धोक्याचे जे वर्णन केले, त्यावरूनच शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवण्याच्या नियमाला प्रसूतिगृहात एवढे महत्त्व आले. शिवाय काही औषधांनी गर्भाशय सैल पडून रक्तस्राव वाढतो, आणि बाळालाही थोडी गुंगी येऊ शकते. रक्त आधीच कमी असलेल्या ह्या भागातल्या बाईच्या दृष्टीने वाढता रक्तस्राव ही किरकोळ बाब नव्हे.

म्हणूनच ठरवून केलेल्या सिझेरियनला, विरुद्ध कारण नसेल तर, पाठीतली भूल द्यावी अशी आजची सर्वमान्य रीत आहे. येथे एका गैरसमजाचा विचार करावयास हवा, कारण तो चळवळीतल्या माणसांचा आहे. गरिबाच्या बाईला स्वस्तातली सुई आणि श्रीमंताच्या बाईला यंत्रावरची भूल, असा संशय काहींच्या मनात येतो. शासकीय दवाखान्यात दुय्यम तेच मिळते ह्या पूर्वानुभवातून तो येतो, म्हणून त्याला हसू नये. परंतु ह्या एका बाबतीत तो चुकीचा आहे. मुंबईतल्या महागड्या रुग्णालयातही ठरलेल्या सिझेरियनला बहुधा हीच सुई दिली जाते. स्वस्त ते हलकेच असते असे नाही. विषमता शोधावयाची ती योग्य जागी शोधली पाहिजे.

ती योग्य जागा कोणती? ती सुईत नाही, सुई देणाऱ्या हातात आहे. पाठीतली भूल सोपी दिसते म्हणून ती कुणीही द्यावी आणि देऊन निघून जावे, असे नव्हे. औषध अपेक्षेहून वर चढले तर श्वास अडतो. भूल अपुरी पडली तर शस्त्रक्रियेच्या मध्यावर पूर्ण भूल द्यावी लागते. काही बायकांना तर पहिल्यापासून पूर्ण भूलच योग्य ठरते. रक्त गोठण्यात दोष किंवा बिंबिका फार कमी, अतिशय रक्तस्राव, झटके येऊन शुद्ध हरपलेली, सुईच्या जागी जंतुसंसर्ग, किंवा बाळाचा जीव वाचविण्यास मिनिटांचाच अवधी. ही त्याची कारणे. ज्या ठिकाणी पाठीतली भूल द्यावयाची तेथे पूर्ण भुलेची सिद्धता, प्राणवायू, नळ्या, रक्त आणि ती हाताळणारा शिकलेला माणूस शेवटपर्यंत हजर असणे आवश्यक आहे. निवड ही दोन पर्याय असतील तेथेच निवड असते. जेथे भूलतज्ज्ञाची जागा रिकामी, तेथे बाईपुढे एक भूल की दुसरी हा प्रश्न येतच नाही. तिच्यापुढे कल्याण, उल्हासनगर की ठाणे एवढाच प्रश्न राहतो. आणि पावसाळ्यात ज्या पाड्यावरून बाईला झोळी करून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते, तेथे तोही उरत नाही.

ह्याची जाणीव सरकारला नव्हती असे नाही. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. त्याच्या काळात एम. बी. बी. एस. डॉक्टरांना प्रसूतीतील तातडीच्या भुलेचे १८ आठवड्यांचे शिक्षण देण्याची योजना राबविण्यात आली. कल्पना उत्तम होती. पण शिकलेल्या डॉक्टरला जोडीला प्रसूतितज्ज्ञ नसेल, यंत्र नसेल, अनुभवी माणसाचा आधार नसेल, तर त्याचे शिक्षण कागदावर राहते. १ जून २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने शासकीय रुग्णालयात सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, सात दिवसांचा आहार, तसेच घरून रुग्णालयात व परत घरी नेण्याचे वाहन मोफत केले. भूल ह्या मोफत सेवेचाच भाग आहे. भुलेच्या डॉक्टरसाठी कुणी वेगळे पैसे मागितले तर ती मागणी नियमबाह्य आहे, हे प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असावे.

दुसरी बाजूही विसरू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्याचे आढळले. खाजगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के आणि शासकीय रुग्णालयांत १४.३ टक्के होते. एकीकडे गरज नसता पोट उघडले जाते, दुसरीकडे गरज असता भूल देणारा सापडत नाही. ही दोन्ही एकाच बाजारू व्यवस्थेची तोंडे आहेत. तेव्हा सिझेरियन कशासाठी, हा प्रश्न आधी. भूल कोणती, हा नंतर.

मग कार्यकर्त्याने काय करावे? त्याने डॉक्टर होऊ नये. त्याने बाईला प्रश्न विचारण्याचे बळ द्यावे. शस्त्रक्रियेच्या आधीच्या तपासणीत तिने, तिच्या बोलीत, विचारावे : मला कोणती भूल देणार? का? ती अपुरी पडली तर पुढे काय? भूल देणारे डॉक्टर शेवटपर्यंत थांबणार ना? रक्ताची सोय आहे ना? दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबातली बाई असेल, तर तिची तारीख आणि कागद तिच्याबरोबर भट्टीवर पोहोचतील हे पाहावे. आधीचे आजार, चालू गोळ्या, पूर्वीच्या भुलेचा त्रास हे सारे डॉक्टरांना सांगितले जाईल हे पाहावे. शस्त्रक्रियेआधी सहा तास अन्न नाही. भात नाही, पेज नाही, दुधाचा चहाही नाही. साधे पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालते. उपाशी म्हणजे तहानलेली नव्हे. घरी परतल्यावर बसताच डोके दुखू लागले, ताप आला, पायात बधिरपणा राहिला, तर ‘बाळंतिणीला असे होतेच’ म्हणून न थांबता तिला परत न्यावे.

आणि एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पाठीतल्या भुलेत बाई जागी असते. शस्त्रक्रिया चालू असता तिला खरोखर दुखले, तर ‘दुखते’ असे म्हणण्याचा तिला अधिकार आहे, आणि तिचे म्हणणे खरे मानणे हे भूल देणाऱ्याचे कर्तव्य आहे. पिढ्यान्‌पिढ्या गप्प बसावयास शिकविलेल्या ठाकर, कातकरी, कोळी बाईला हा अधिकार आपोआप वापरता येणार नाही. तो तिला आधी सांगावा लागेल, पुन्हा सांगावा लागेल, आणि तिच्या नवऱ्याला व सासूलाही सांगावा लागेल.

शहापूर-मुरबाडच्या प्रत्येक शासकीय प्रसूतिगृहात रात्रंदिवस भूल देणारा शिकलेला माणूस असावा, ही मागणी ग्रामसभेच्या ठरावातून, रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीतून आणि मोर्चातून सतत यावी. ती पुरी होईपर्यंत, पुढल्या खेपेस संमतीच्या कागदावर अंगठा उमटण्याआधी, तो कागद कुणीतरी त्या बाईला तिच्या भाषेत वाचून दाखवावा. एवढे काम प्रत्येक पाड्यावर आजपासून होऊ शकते.