उबदार घराचा हिशेब



घर बांधावयास काढणारा माणूस दगड, विटा, लाकूड आणि मजुरी यांचा हिशेब मोठ्या कसोशीने मांडतो. परंतु ते घर उबदार राखण्यास वर्षानुवर्षे किती जळण लागेल, हा आकडा त्या हिशेबात बहुधा नसतो. थंड प्रदेशात हा विसर फार महाग पडतो. लडाखचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

लेह हे नगर सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसलेले आहे. हिवाळ्यातील कडाक्याच्या रात्री तेथील तापमान शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरते. झाडे विरळ, म्हणून सरपण दुर्मिळ. पूर्वापार तेथे जळणासाठी वाळलेल्या शेणाचा वापर होत आला. पुढे रॉकेल आणि कोळसा आला, पण तोही उंच घाट ओलांडून ट्रकने आणावा लागतो. शेण जळाले की शेत तेवढ्या खताला मुकते. पैसा धुरावाटे जातो आणि त्या धुराचा काही भाग घरातच कोंडतो. दारे-खिडक्या बंद करून महिनोन्‌महिने त्यात वावरतात त्या गृहिणी, वृद्ध आणि तान्ही मुले.

याच प्रदेशाला निसर्गाने उन्हाची देणगी मात्र मुक्तहस्ताने दिली आहे. वर्षातील सुमारे तीनशे दिवस तेथे स्वच्छ ऊन असते. डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारी लेहचा सूर्य दक्षिण क्षितिजावर अवघा ३२ अंश असतो; जूनमध्ये तो ७९ अंशांपर्यंत चढतो. त्यामुळे दक्षिणेकडील काचेतून हिवाळ्याचे तिरपे ऊन खोलीत दूरवर पोहोचते, तर उन्हाळ्याचे ऊन छपराच्या पुढे काढलेल्या पाखीने अडते. मोकळ्या जागेवर घराचे तोंड दक्षिणेला करण्यास एक पैसाही अधिक लागत नाही.

मात्र आलेली ऊब टिकली पाहिजे. जाड मातीच्या भिंती दिवसा उष्णता साठवितात आणि रात्री ती सावकाश परत देतात. उत्तरेकडील भिंत दुहेरी करून मधल्या पोकळीत भुसा किंवा कोरडे गवत भरावे, छतावरही तसाच थर द्यावा, उत्तरेस खिडक्या कमीत कमी ठेवाव्यात आणि प्रवेशद्वारी दोन दारांची लहानशी देवडी करावी. सायंकाळी काचेवर जाड पडदे ओढण्यास विसरू नये.

फ्रान्समधील शास्त्रज्ञ फेलिक्स त्रोंब यांच्या नावाने ओळखली जाणारी भिंत हा याचाच पुढचा टप्पा होय. दक्षिणेकडील भिंत काळी रंगवून तिच्यापुढे थोडे अंतर सोडून काच बसवितात. मधली हवा तापून भिंतीच्या वरच्या झरोक्यांतून आत येते, खालच्या झरोक्यांतून गार हवा बाहेर ओढली जाते. रात्री झरोके बंद करावयाचे. लेहजवळील फे येथील ‘सेकमोल’ संस्थेच्या मातीच्या इमारती सूर्याच्या उष्णतेवरच उबदार राहतात.

याउलट, रस्ता उत्तरेला म्हणून उत्तरेकडेच मोठ्या खिडक्या ठेवून पातळ सिमेंटच्या भिंतींचे घर बांधले, तर त्यात बुखारी कितीही पेटविली तरी विझताच गारठा परततो. अशा घरात नंतर सुधारणा करता येते, पण दिशा बदलता येत नाही.

महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत प्रश्न उबेचा नसून उकाड्याचा आहे. तरीही सूर्य, वारा आणि भिंत यांचा विचार पाया खोदण्यापूर्वी करावा, हा धडा येथेही लागू पडतो. शाळेची खोली किंवा घरकुल यांचा नकाशा पुढे आला, की पंचायत सदस्यांनी खर्चाच्या आकड्याआधी एक प्रश्न विचारावा: उत्तर दिशा कोणती? त्या एका प्रश्नाने घरात राहणाऱ्यांचा पुढील अनेक वर्षांचा खर्च वाचू शकेल.