शाळेतला राउटर बंद पडतो तेव्हा

श्रोतेहो, परीक्षेचे अर्ज भरायला बसावे आणि शाळेतला राउटर तासातासाला बंद पडावा! मग आपण म्हणतो, "पेटी गेली, नवी आणा." जरा थांबा. वैद्य नाडी पाहून मग औषध देतो. आपणही आधी राउटरचे दिवे पाहू.

नुसता इंटरनेटचा दिवा गेला, तर दोष बहुधा बाहेरच्या तारेत. पेटीला बोल लावू नका. पण सगळे दिवे एकदम विझून पुन्हा लागले, तर राउटरच बंद होतो आहे.

अशा वेळी पहिला संशय अडॅप्टरवर घ्या. त्यातले कपॅसिटर उष्णतेने हळूहळू सुकतात. मग दिवे तर लागतात, पण दहा मुले एकदम कामाला लागली, की वीज पुरत नाही. दुसरा अडॅप्टर लावून पाहा. मात्र व्होल्ट तितकेच हवेत, पिनेची धन-ऋण बाजू तीच हवी, आणि अँपिअर कमी नकोत. 12 च्या जागी 24 व्होल्ट लावलेत, तर चांगली पेटीही जळेल!

तरीही बंद पडला, तर तापलेल्या पत्र्याखालून काढून हवेशीर जागी ठेवा. एका वेळी एकच बदल करा, आणि बंद पडल्याची वेळ वहीत टिपा. भर दुपारीच पडत असेल, तर उष्णतेचा संशय. शेजारचा पंप सुरू होताना पडत असेल, तर विजेचा दाब उतरतो आहे.

गुरुजी, ही वही मुलांनाच लिहू द्या. एवढे करूनही दोष राहिला, तरच नव्या पेटीचा खर्च करा.