रोजची डोकेदुखी आणि भिंतीवरचे कॅलेंडर

(सेवाग्राम येथील प्रौढ वाचन-वर्गापुढे दिलेले भाषण)



आज आपण अर्धशिशीविषयी बोलू. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या अर्धशिशीविषयी नव्हे, तेरा-चौदा-पंधरा वर्षांच्या लेकरांच्या. आणि तीही कधीमधी येणारी नव्हे, रोज उठून येणारी. ज्या घरात असे लेकरू आहे त्या घराची दशा आम्ही गावोगाव पाहतो. पोरगी सकाळी उठते ती डोके धरूनच. शाळा बुडते. मायची मजुरी बुडते. मग घरात बोलाचाली सुरू होते. बाप म्हणतो, "सोंग करून राहिली. शाळेत जायला नको म्हणून डोस्कं दुखते." आजी म्हणते, "नजर लागली पोरीले." शेजारीण म्हणते, "चष्मा लागला असन." माय बिचारी सगळ्यांचे ऐकते, आणि पोरगी अंधाऱ्या खोलीत तोंडावर ओढणी घेऊन पडून राहते.

पहिली गोष्ट ही, की हे सोंग नव्हे. हा रोग फार जुना आहे. चरक आणि सुश्रुत या आपल्या जुन्या वैद्यांनी त्याला नाव दिले आहे, अर्धावभेदक. पण नावावर जाऊ नका. मोठ्या माणसाचे अर्धे डोके दुखते. लेकरांचे पुष्कळदा दोन्ही बाजूंनी, कपाळावर दुखते. ठणका लागतो. मळमळते, ओकारी होते. उजेड नको वाटतो, आवाज नको वाटतो. फोडणीचा वास आला तरी जीव घाबरा होतो. जिने चढले, धावले की दुखणे वाढते. घरात विचारून पाहा. मायला, मावशीला, नाहीतर आजोबांना असेच दुखणे असते. हे पुष्कळदा घराण्यातून येते. लहानपणी मुलाला काय नि मुलीला काय, सारखेच होते. पाळी सुरू झाल्यावर मात्र मुलींत जास्त दिसते.

डोक्यात होते तरी काय? राखणीचा कुत्रा तुम्ही पाळता. चांगला कुत्रा चोर आला की भुंकतो. पण एखादा कुत्रा पान हलले तरी भुंकतो. अर्धशिशीच्या माणसाचा मेंदू या दुसऱ्या कुत्र्यासारखा असतो. ऊन लागले, भूक लागली, झोप मोडली, की चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या नसा बोंब ठोकतात. दुखणे खरेच होते, पण डोके फुटलेले नसते, आत किडा नसतो. आणि ही बोंब महिनोन्महिने चालली, म्हणजे त्या कुत्र्याला गप्प बसण्याची सवयच राहत नाही. तेव्हा डोके रोज दुखू लागते. महिन्यातले पंधरा दिवस किंवा त्याहून जास्त, आणि असे तीन महिन्यांपेक्षा अधिक चालले, त्यांतले निदान आठ दिवस खऱ्या अर्धशिशीचे असले, तर डॉक्टर त्याला जुनाट अर्धशिशी म्हणतात.

काही डोकेदुख्या मात्र वेगळ्या असतात. त्यांच्यासाठी कॅलेंडर काढत बसू नये, गाडी काढावी. एकाएकी, कधी नव्हे एवढे भयंकर दुखले, तापाबरोबर मान ताठली, झटका आला, हातपाय लुळा पडला, एकाचे दोन दिसू लागले, चालताना झोक जाऊ लागला, डोक्याला मार लागल्यावर दुखणे सुरू झाले, पहाटे दुखण्याने झोप मोडून ओकाऱ्या होऊ लागल्या, किंवा दुखणे आठवड्यागणिक वाढतच चालले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बाकीच्यांनीही एकदा डॉक्टरकडून तपासून घ्यावेच. डोळेही तपासावेत, पण रोजच्या अर्धशिशीचे कारण चष्मा क्वचितच असते. आणि तपासणीत सगळे ठीक निघाले, तर मेंदूचा फोटो काढण्याची बहुधा गरज पडत नाही. नागपूरला नेऊन फोटोवर हजारो रुपये घातले आणि औषधाला काही उरले नाही, असे होऊ देऊ नका.

आता कॅलेंडर. तुमच्या प्रत्येकाच्या भिंतीवर ते आहे. आजवर तुम्ही त्यात एकादशी पाहत होता, ती दुसऱ्याला विचारून. आता तुम्हाला अक्षर येते. तर त्याच कॅलेंडरवर पेन्सिल टांगा. ज्या दिवशी डोके दुखले त्या तारखेवर फुली. शाळा बुडाली तर फुलीभोवती गोल. गोळी घेतली तर 'गो'. जेवण चुकले तर 'जे'. जागरण झाले तर 'जा'. पाळी आली तर 'पा'. एवढी पाच-सहा अक्षरे पुरे. फुली पोरीने स्वतः मारावी. ती विसरली तर रात्री मायने आठवण द्यावी, दिवसभर मागे लागू नये.

एक महिना झाला की पान समोर घेऊन बसा. आम्ही सांगतो, पुष्कळ घरांत हे पान बोलू लागते.

बहुतेक वेळा पहिले बोलते ते 'जे'. आठवीपर्यंत सरकारी शाळेत दुपारचे जेवण मिळते. नववीत ते बंद होते. पोरगी सकाळी चहा-टोस्टवर निघते, सायकल नाहीतर एस.टी., आणि घरी येते चार-पाच वाजता. डबा न्यायची लाज वाटते, किंवा सकाळी भाकरी व्हायची असते. आठवीत महिन्यातून दोनदा दुखणारे डोके नववीत रोज दुखू लागले, तर लोक म्हणतात अभ्यासाचा ताण. ताणही असेल, पण पोट रिकामे आहे हे कोणी पाहत नाही. अर्धशिशीच्या लेकराला उपाशी ठेवणे म्हणजे दुखण्याला बोलावणे धाडणे आहे. शिळी पोळी, फुटाणे, भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा, काहीही चालेल, पण निघण्याआधी आणि दुपारी पोटात गेले पाहिजे. हरतालिकेला निर्जळी धरणाऱ्या पोरी आहेत, सोमवार आणि चतुर्थी करणाऱ्या आहेत. आम्ही कोणाच्या श्रद्धेला हात लावत नाही. पण ज्या पोरीचे डोके रोज दुखते तिचा उपास तिच्या मायने धरावा. देवाचे काही बिघडणार नाही, असे आमचे मत आहे.

पाण्याचेही तसेच. आपल्या वर्ध्याचे ऊन तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. तरी शाळेतल्या मुली पाणी पीत नाहीत. का? शाळेतल्या संडासाला दार नसते, पाणी नसते, म्हणून त्या दिवसभर तहान मारतात. हे मुलगी बापाला सांगत नाही. मायने विचारावे. आणि शाळा समितीत तुमच्यापैकी कोणी असेल, तर हा विषय त्याने तिथे काढावा. एका पोरीच्या डोकेदुखीपायी सगळ्या पोरींची सोय झाली तर बरेच आहे.

झोपेविषयी थोडक्यात. निजण्याची आणि उठण्याची वेळ रोज तीच हवी, रविवारीही. मोबाइल रात्री मायच्या उशाशी राहावा.

आता गोळीकडे येऊ. हा भाग नीट ऐका, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होते. दुकानातून दोन रुपयांची गोळी आणली, डोके उतरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आणली. मग रोजच. पोरीच्या दप्तरात गोळ्या, मायच्या बटव्यात गोळ्या. काही महिन्यांनी असे होते, की गोळीचा अंमल उतरला की डोके चढते, आणि डोके चढले की गोळी लागते. दुखणे गोळीवरच पोसले जाते! साधी दुखण्याची गोळी महिन्यातले पंधरा दिवस किंवा जास्त, आणि दोन-तीन औषधे एकत्र असलेली गोळी दहा दिवस किंवा जास्त, अशी तीन महिन्यांहून अधिक चालली, की ही पाळी येऊ शकते. कॅलेंडरवरचे 'गो' मोजा. तिथे खोटे चालत नाही. 'गो' फार झाले असतील तर डॉक्टरला दाखवून ते कमी करावेत. सोडल्यावर काही दिवस दुखणे आधीपेक्षा वाढते. ते माहीत असले म्हणजे घाबरायला होत नाही. पुढे ते उतरू लागते. मग गोळी घ्यायची ती आठवड्यात दोन दिवसांच्या आतच, वजनाप्रमाणे डॉक्टरने सांगितली तेवढी, आणि दुखणे चढू लागताच. डोके फुटायची वेळ आल्यावर घेतलेली गोळी फारशी कामाची नसते. ॲस्पिरिनची गोळी सोळा वर्षांच्या आतल्या लेकराला आपल्या मनाने कधीच देऊ नये.

तुम्ही म्हणाल, बापू तर मातीच्या पट्टीने डोके बरे करत. खरे आहे. बापू 1936 साली इथे, तेव्हाच्या शेगावात, राहायला आले आणि 1940 साली गावाचे नाव सेवाग्राम झाले. मातीच्या पट्ट्यांवर त्यांचा मोठा भरवसा. 1942 साली आगाखान पॅलेसच्या कैदेत त्यांनी आरोग्यावर एक लहान पुस्तक लिहिले. मातीच्या पट्टीने डोकेदुखीला आराम पडतो असे त्यांनी त्यात सांगितले. पण हा आराम तेवढ्यापुरता आहे हेही त्यांनीच लिहून ठेवले. त्यांचे म्हणणे आजही खोटे नाही. दुखणे चढले की अंधारी खोली, कपाळावर गार ओली पट्टी, थोडे पाणी आणि झोप, याने पुष्कळ लेकरांना बरे वाटते. मात्र बापूंची दुसरी एक गोष्ट लेकरांना लावू नका. जोहान्सबर्गला असताना त्यांचेही डोके वारंवार दुखे. त्यांनी सकाळची न्याहारी सोडली आणि दुखणे गेले. आत्मकथेत हे आहे. पण ते मोठे माणूस होते, आणि आपण गरजेपेक्षा जास्त खातो असे त्यांना आढळले होते. आपली नववीतली पोरगी जास्त खात नाही, कमीच खाते. एकाचा उपाय दुसऱ्याचा अपाय व्हायला वेळ लागत नाही.

आणि तापलेल्या सळईचा डाग, भगताचा धूर, मारझोड, हे नकोच नको. भूत काढण्याच्या नावाखाली मारणे, चटके देणे हा महाराष्ट्रात 2013 सालच्या कायद्याने गुन्हा आहे.

डॉक्टर कधी कधी रोज घ्यायचे औषध देतात. ते गोळीसारखे लगेच उतार देत नाही, दीड-दोन महिने वाट पाहावी लागते. त्याबद्दल एक गमतीची गोष्ट सांगतो. अमेरिकेत 2017 साली एक मोठी तपासणी छापली गेली. अर्धशिशीच्या मुलांपैकी काहींना नेहमीची दोन औषधे दिली आणि काहींना औषध नसलेली, नुसती दिसायला तशी गोळी दिली. तिन्ही गटांत निम्म्याहून जास्त मुलांना चांगला उतार पडला! औषधे काही वरचढ ठरली नाहीत. याचा अर्थ औषध फेकून द्या असा नव्हे. कोणाला काय द्यायचे ते डॉक्टर पाहतील. पण औषधावरच सगळा भार टाकू नये, एवढे त्यातून कळते. त्याआधी, 2013 साली, तिथल्याच सिनसिनाटी शहरातली दुसरी तपासणी छापली गेली होती. जुनाट अर्धशिशीची 135 मुले, दहा ते सतरा वर्षांची. औषध सगळ्यांना तेच दिले. निम्म्यांना जोडीला डोकेदुखीची माहिती सांगितली. उरलेल्यांना दुखण्याशी कसे वागावे ते शिकवले: सावकाश खोल श्वास घेणे, अंग सैल सोडणे, "आता माझे काही होणार नाही" असा विचार आला तर त्याला कसे तोंड द्यावे ते. माहिती मिळालेल्यांत शंभरातल्या 36 मुलांचे दुखण्याचे दिवस निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले. शिकवलेल्यांत 66 जणांचे आले.

सिनसिनाटीची बाई आपल्या गावात येणार नाही. पण त्यातले पुष्कळसे घरी करता येते. रोज संध्याकाळी, डोके दुखत असो वा नसो, दहा मिनिटे पोरीने उताणे पडावे, पायापासून कपाळापर्यंत एकेक अवयव आवळून सैल सोडावा, श्वास पोटातून घ्यावा. धाकट्या भावाला हसू येईल. त्यालाही शेजारी झोपवा.

आणि घरच्यांनी? "दुखते का? आता दुखते का?" असे दर घटकेला विचारू नये. कुत्र्याला सारखे हटकले तर तो गप्प बसत नाही. एकदाच म्हणावे, "दुखते हे मला समजते." मग झेपेल तेवढे काम करू द्यावे. पूर्ण शाळा होत नसेल तर अर्धी होऊ द्यावी. दोन तास बसली तरी तिच्या मैत्रिणी राहतात, धडा राहतो. शाळा सुटली ती सुटलीच, आणि नववीतून घरी बसलेल्या पोरीसाठी लोक काय सुचवतात ते तुम्हाला ठाऊक आहे. बापाने स्वतः एकदा गुरुजींना भेटावे. पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्या, खिडकीच्या उन्हात बसवू नका, डोके चढले तर अर्धा तास बाजूला पडू द्या, इतकेच मागावे. गुरुजी म्हणाले की सोंग करते, तर कॅलेंडर दाखवावे.

आधी आपल्या आरोग्य केंद्रात दाखवा. तिथून पाठवले तर इथेच कस्तुरबा रुग्णालय आहे, डॉ. सुशीला नायर यांनी ते वाढवले आणि 1969 साली त्याला वैद्यकीय महाविद्यालय जोडले. जाताना कॅलेंडरची तीन महिन्यांची पाने फाडून टाकू नका, गुंडाळी करून पिशवीत घाला. घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटेही न्या, दुकानातून आणलेल्यांचीसुद्धा. आणि डॉक्टरने पोरीला काही विचारले तर उत्तर पोरीलाच देऊ द्या.