पीएच.डी. म्हणजे खर्च नव्हे



मुलगी एम.एस्सी. झाली की आपण म्हणतो, 'आता पुरे, पीएच.डी.चा खर्च कोण करणार?' पण या वाटेवर छात्रवृत्ती आहे. सीएसआयआर-यूजीसीची लाइफ सायन्सेसची नेट परीक्षा द्यावी. खुल्या प्रवर्गास एम.एस्सी.त 55 टक्के गुण लागतात. मुलींना वयात 5 वर्षांची सवलत आहे. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाल्यास, 2023 च्या दरानुसार, दरमहा 37,000 रुपये मिळतात. त्यानंतर संस्थेची मुलाखत द्यावी लागते.

पेशींवर संशोधन करणारे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात आहे. आयसर पाषाणला आहे. म्हणजे मुलीला घर सोडावे लागेलच असे नाही. परीक्षा मात्र कठीण आहे. तयारी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासूनच करावी.

पालकहो, खर्चाच्या धास्तीने तिची वाट अडवू नका, एवढीच विनंती.