मुदत कोणाला मिळते?

(युवक कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील व्याख्यान)



किशोरवय सरून प्रौढपण सुरू होण्याच्या काळात मुलामुलींच्या अंगी प्रश्न सोडवण्याची क्षमता कशी येते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. हा विषय मानसशास्त्राचा किंवा शिक्षणशास्त्राचा. राजकीय कार्यकर्त्यांच्या शिबिरात त्याचे काय काम, अशी शंका काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर विवेचनाच्या ओघात मिळेल.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात शाळांसाठी दहा जीवनकौशल्यांची यादी तयार केली. निर्णय घेणे आणि समस्या सोडवणे ही त्यांतली दोन. तेव्हापासून हे शब्द अभ्यासक्रमांत आणि परिपत्रकांत रुळले आणि यथावकाश व्यक्तिमत्त्वविकासाच्या खाजगी वर्गांच्या जाहिरातींतही झळकू लागले. यादीत गैर काही नाही. परंतु ‘कौशल्य’ या शब्दाबरोबर एक कल्पना नकळत शिरते. टंकलेखन शिकावे तशी ही विद्या काही तासिकांत शिकता येते, ज्याला फी परवडते त्याने ती घ्यावी आणि ज्याने घेतली नाही त्याने आपल्या अपयशाचा दोष स्वतःकडे घ्यावा, अशी ती कल्पना होय. वस्तुतः ही क्षमता व्यक्तीच्या ठायी दिसत असली तरी ती घडते सामाजिक परिस्थितीत. आणि ती परिस्थिती जमिनीइतकीच विषम रीतीने वाटली गेलेली आहे.

प्रथम या क्षमतेचे स्वरूप पाहू. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १९१० साली विचारप्रक्रियेच्या पाच पायऱ्या सांगितल्या. अडचण जाणवणे, ती नेमकी कोठे आहे हे ठरवणे, संभाव्य उपाय सुचणे, त्या उपायांचे परिणाम तर्काने तपासणे आणि शेवटी अनुभवाच्या कसोटीवर उपाय स्वीकारणे वा टाकून देणे, या त्या पायऱ्या. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली गणितापुरता असाच क्रम मांडला आणि उत्तर मिळाल्यावर मागे वळून केलेले काम पुन्हा तपासण्याला त्यात स्वतंत्र स्थान दिले.

यांतील पहिली पायरी दिसते तितकी सोपी नाही. ज्या दुःखाला माणूस दैव म्हणतो, ते त्याच्या लेखी ‘प्रश्न’ नसतेच. ते भोगायचे असते. कोलंबिया विद्यापीठात ड्यूई यांचे विद्यार्थी असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर मायदेशी परतल्यावर १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर गेले, तेव्हा पाण्याइतकीच आणखी एक गोष्ट घडली. पिढ्यान्‌पिढ्या प्राक्तन मानलेली अवस्था हजारो माणसांच्या मनात प्रश्न बनली. दैवाचे प्रश्नात रूपांतर होणे ही या क्षमतेची सुरुवात आहे. म्हणूनच हा विषय राजकीय आहे.

आता वयाकडे वळू. साधारण अकरा-बारा वर्षांनंतर मूल समोर नसलेल्या शक्यतांचाही विचार करू लागते, असे ज्याँ पियाजे यांनी दाखवले. मेंदूविज्ञानाने त्यात भर घातली, ती अशी की आवेग आवरणारा आणि दूरचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरनिराळ्या वयांच्या व्यक्तींना पडद्यावर मोटार चालवण्याचा खेळ दिला होता. समवयस्क सोबत असले की सर्वांनीच अधिक धोका पत्करला. परंतु प्रौढांपेक्षा किशोरांवर आणि तरुणांवर सोबतीचा परिणाम कितीतरी अधिक झाला.

याचा अर्थ सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना बुद्धी नसते असा नव्हे. शांतपणे बसून विचार करायचा झाल्यास त्यांची समज मोठ्या माणसांच्या समजेला फारशी हार जात नाही. उणीव असते ती भर प्रसंगात, चारचौघांच्या गराड्यात विवेक टिकवण्याच्या सवयीची. आणि सवय सरावानेच लागते. शिवाय सोबतीची शक्ती या वयात एवढी मोठी असेल, तर ती धोक्याकडेच नेईल असे नाही; तिला वळण कोण देतो हा प्रश्न आहे. दंगलीसाठी तरुणांचे घोळके जमवणाऱ्यांना हे मर्म पुरोगाम्यांच्या कितीतरी आधी उमगले आहे.

सराव म्हटला की चुका आल्या. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने तारुण्याच्या उंबरठ्यावरील या काळाचे वर्णन करण्यासाठी जो इंग्रजी शब्द योजला, तो मुळात सावकारी व्यवहारातला आहे. ऋणकोला कर्जफेडीसाठी दिलेली मुदत, म्हणजेच तहकुबी, हा त्याचा अर्थ. दुष्काळात शेतसाऱ्याची वसुली तहकूब होते, तशी समाज तरुण माणसाकडून प्रौढपणाच्या बांधिलकीची वसुली काही वर्षे पुढे ढकलतो. त्या अवधीत त्याने निरनिराळी कामे करून पाहावीत, चुकावे, सावरावे आणि स्वतःचा मार्ग ठरवावा, अशी अपेक्षा असते. एरिक्सन यांची उपमा अर्थपूर्ण आहे. परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे थांबून विचारणारच की ही मुदत कोणाला मिळते?

शहरातल्या सुस्थित घरातील मुलाने अभियांत्रिकीचे एक वर्ष वाया घालवून वाणिज्य शाखा धरली, तर घरात दोन दिवस अबोला राहतो आणि तिसऱ्या दिवशी नवी फी भरली जाते. त्याच्या चुकीची किंमत घर भरते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबाचे चित्र निराळे आहे. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फडावर श्रम करूनच फिटायची असते आणि घरातला सोळा वर्षांचा मुलगा शाळेचा बाक सोडून कोयत्याच्या हिशेबात धरला जातो. एकाला मुदत मिळते. दुसऱ्याच्या वाट्याला त्याने न घेतलेली उचल येते. मुलींच्या बाबतीत तर पुष्कळदा निवडीचा प्रसंगच येऊ दिला जात नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच झालेले होते. आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय इतरांनी घेऊन टाकला, की उरलेल्या बारीकसारीक निर्णयांसाठी कौशल्याचे वर्ग भरवणे ही क्रूर थट्टा ठरते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की गरिबांची मुले संकटांशी झगडूनच शहाणी होतात. त्यांना प्रश्न सोडवायला कोणी शिकवावे लागत नाही. यात तथ्य आहे. धाकट्या भावंडांना सांभाळणारी, कोपीवर पाणी आणणारी मुलगी ज्या हिकमतीने दिवस पार पाडते, ती हिकमत शहरी मुलांत क्वचितच आढळते. परंतु निभावून नेणे आणि सोडवणे यांत फरक आहे. निभावणारा आजची रात्र काढतो. सोडवणाऱ्याला उद्याचा विचार करण्याइतकी मोकळीक लागते. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्दार शफीर आणि जियायिंग झाओ यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात तामिळनाडूतील ऊसउत्पादक शेतकऱ्यांची तोडणीपूर्वीच्या ओढगस्तीत आणि तोडणीनंतर हाती पैसा आल्यावर अशी दोनदा बौद्धिक चाचणी घेतली होती. माणसे तीच, पण ओढगस्तीच्या दिवसांत त्यांची कामगिरी खालावलेली आढळली. गरिबाला अक्कल कमी असते, हा सुखवस्तू समज त्यामुळे खोटा ठरतो. विवंचना माणसाची बुद्धी नाहीशी करीत नाही, ती तिला गुंतवून ठेवते. कमावत्या प्रौढाची ही गत, तर नुकत्याच उमलणाऱ्या मनाची काय होत असेल?

मध्यमवर्गीय तरुणाची अडचण याच्या उलट आहे. त्याला मुदत मिळते, पण प्रश्न मिळत नाहीत. शाळा, शिकवणी, शाखा, महाविद्यालय हे सारे आधीच ठरलेले असते. पुढे तो स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत जातो. तेथील पूर्वपरीक्षेत प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय छापलेले असतात आणि त्यांतला एक बरोबर असतोच. जीवन असे पर्याय छापून देत नाही. २०२३ च्या केंद्रीय नागरी सेवा परीक्षेसाठी दहा लाखांहून अधिक उमेदवारांनी अर्ज केले. नेमणुकीसाठी शिफारस झाली १,०१६ जणांची. एका उमेदवाराने रात्रीचा दिवस केला तर त्याचा क्रमांक वर जाईल. सर्वांनी केला तरी जागा वाढत नाहीत. रोजगाराच्या तुटवड्याचा हा सार्वजनिक प्रश्न आहे. पण अभ्यासिकेतला प्रत्येक तरुण त्याचे उत्तर एकट्याने शोधतो आणि हरल्यावर ‘आपणच कमी पडलो’ असे म्हणत गावी परततो. प्रश्नाचे पुन्हा दैवात रूपांतर होण्याचा हा आधुनिक प्रकार आहे.

मग मार्ग कोणता? महाराष्ट्राला तो शोधायला दूर जावे लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. मुले एकत्र राहात, एकत्र जेवत, श्रमाची कामे स्वतः करीत आणि शिकत. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. या प्रयोगात तीन गोष्टी एकत्र आल्या. पहिली निर्वाहाची हमी. दुसरी खरी जबाबदारी, कारण कोठीतले धान्य संपले तर त्याची झळ प्रत्यक्ष पोहोचत असे. आणि तिसरी सोबत, तीही जातीबाहेरची. हमी आहे पण जबाबदारी नाही, तेथे परावलंबन येते. जबाबदारी आहे पण हमी नाही, तेथे वेठ येते. आणि सोबत नसेल तर दोन्ही असूनही माणूस आपले दुःख खाजगीच समजत राहतो. श्रमाच्या नावाखाली मुलांकडून फुकट काम करवून घेण्याचा धोका अशा योजनांत नेहमीच असतो. कामाचा हिशेब आणि निर्णयाचा अधिकार मुलांच्या हाती किती, यावर शिक्षण आणि शोषण यांतील सीमारेषा ठरते.

अधिकाराच्या बाबतीत राज्यसंस्थेचे वर्तन मोठे विसंगत राहिले आहे. १९८८ च्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले आणि १९८९ पासून ते अमलात आले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९९० च्या दशकात, महाराष्ट्रातील महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका हिंसाचाराचे कारण देऊन बंद झाल्या आणि परीक्षेतील गुणांवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने निवडणुकांची तरतूद पुन्हा केली. पण दरम्यान विद्यार्थ्यांची एक संपूर्ण पिढी लोकशाहीच्या सरावावाचून बाहेर पडली होती. देशाचे सरकार निवडायला लायक असलेल्या तरुणाला महाविद्यालयाचा प्रतिनिधी निवडायला नालायक ठरवणे हे तर्काला धरून नाही. हिंसा झाली हे खरे. परंतु पोहताना कोणी बुडाले म्हणून विहीर बुजवली, तर पुढची पिढी पोहायला शिकणार कोठे?

आता कार्यकर्त्यांकडे वळणे प्राप्त आहे. कारण शासनाला जाब विचारणाऱ्यांनी स्वतःचे घरही तपासले पाहिजे. चळवळीत आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला पहिली दोन-चार वर्षे कोणते काम मिळते? सतरंज्या घालणे, पत्रके वाटणे आणि घोषणा देणे. ठराव ज्येष्ठ लिहितात, हिशेब ज्येष्ठ ठेवतात आणि चूक होऊ नये म्हणून निर्णयही तेच घेतात. मग तरुण येत नाहीत अशी खंत व्यक्त होते.

एका साध्या उदाहरणाने पर्याय स्पष्ट होईल. समजा, एखाद्या गावातल्या मुलींना एस.टी.चा मोफत पास आहे, पण तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या वेळेला गाडीच नाही. म्हणून दहावीनंतर त्यांचे शिक्षण थांबते. घरचे म्हणतात, नशीब. येथे ज्येष्ठ कार्यकर्त्याने आगारप्रमुखाला दूरध्वनी करून गाडी सुरू करवली, तर गाडी येईल. पण मुली शिकतील त्या एवढेच, की कोणी वजनदार माणूस ओळखीचा असावा. त्याऐवजी त्या मुलींनी आणि त्यांच्या वर्गमित्रांनी स्वतः मोजणी करावी. किती गावांतून, किती विद्यार्थी, कोणत्या वेळी जातात हे लिहून काढावे. आगाराची अडचण भारमानाची आहे की गाड्यांच्या कमतरतेची, हे विचारून घ्यावे. एखाद्या चालू फेरीची वेळ बदलून भागते का, हे पाहावे. ग्रामसभेत विषय मांडावा, नकार आला तर का आला याची चर्चा करावी आणि दुसरा मार्ग धरावा. यास दोन महिने अधिक लागतील, एखादा अर्ज चुकीच्या कचेरीत जाईल, एखादी सभा फसेल. ते लागू द्यावेत, जाऊ द्यावा, फसू द्यावी. फसलेल्या सभेनंतर ‘कोठे चुकले’ हे एकत्र बसून लिहिणे म्हणजेच पोल्या यांची शेवटची पायरी होय. ज्येष्ठांचे काम एवढेच, की त्या चुकीची किंमत एखाद्या मुलीला शिक्षण सोडून मोजावी लागू नये.

या सर्वांतून दोन कामे निघतात. शासनाकडे आग्रह धरायचा तो वसतिगृहांचा, वर्ष संपण्यापूर्वी हाती पडणाऱ्या शिष्यवृत्तीचा, अठरा वर्षांपूर्वीची लग्ने रोखण्याचा आणि महाविद्यालयीन निवडणुकांचा. सुस्थितांच्या मुलांना घरातून मिळणारी मुदत बाकीच्यांना समाजाने द्यावी, एवढाच या मागण्यांचा अर्थ आहे. आणि संघटनेत करायचे ते असे, की प्रत्येक शाखेने यंदा किमान एक प्रश्न, त्याचा निधी आणि त्याचा हिशेब पंचविशीच्या आतल्या कार्यकर्त्यांच्या हाती पूर्णपणे सोपवावा. त्यात मुलींचा वाटा निम्म्याहून कमी नसावा. वर्षअखेरीस त्यांनी शाखेपुढे अहवाल ठेवावा आणि फसलेल्या गोष्टी त्यात पहिल्या पानावर असाव्यात.