‘समर्पित पथका’चा मालक कोण?

(मल्लेश्वरम, बंगळूर येथे मराठीभाषक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपण ज्या मल्लेश्वरममध्ये जमलो आहोत, त्याच्या पश्चिमेला, राजाजीनगरच्या शिवेवर, किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा कारखाना होता. १९४६ साली निघालेल्या या कंपनीत विजेच्या मोटारी तयार होत. त्या कारखान्याच्या जमिनीवर आज वर्ल्ड ट्रेड सेंटरचा मनोरा उभा आहे. मोटारी बनवणाऱ्या कामगाराला आपला मालक कोण हे कोणाला विचारावे लागत नव्हते. ते नाव फाटकावरच लिहिलेले होते. परंतु बंगळूरभर पसरलेल्या काचेच्या इमारतींत बसून परदेशी कंपन्यांसाठी काम करणाऱ्या सॉफ्टवेअर इंजिनियरला या साध्या प्रश्नाचे सरळ उत्तर देता येत नाही. हा त्याच्या अज्ञानाचा दोष नव्हे. धंद्याची रचनाच तशी आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय या कामगारांत संघटना बांधता येणार नाही.

विक्री कशाची होते?

अमेरिकेतील एखाद्या बँकेला किंवा विमा कंपनीला सॉफ्टवेअरचे काम करून घ्यायचे असते. पूर्वी ती ठराविक काम ठराविक रकमेला देई. ‘समर्पित पथका’च्या करारात काम ठरत नाही, माणसे ठरतात. इतके प्रोग्रॅमर, इतके चाचणी करणारे, एक प्रमुख, अशी मागणी नोंदवली जाते. येथील कंपनी भरती करते. पुष्कळदा ग्राहक कंपनीच मुलाखती घेऊन माणसे निवडते. ती बसतात बंगळूरला, पण रोजचे काम त्यांना परदेशातून मिळते. लिहिलेल्या प्रत्येक ओळीची मालकी ग्राहकाकडे जाते. एखादा माणूस पसंत पडला नाही तर ‘बदलून द्या’ एवढा निरोप पुरतो. बिल मात्र माणशी, तासावर किंवा महिन्यावर आकारले जाते.

भांडवलदार कामगाराकडून श्रमशक्ती विकत घेतो, हे मार्क्सवादाचे मूलभूत प्रतिपादन आपण जाणतो. येथे तीच श्रमशक्ती दोनदा विकली जाते. पहिल्यांदा इंजिनियर ती मासिक पगारावर भारतीय कंपनीला विकतो. दुसऱ्यांदा ती कंपनी डॉलरच्या दराने ती परदेशात विकते. या दोन किमतींतील अंतर हाच मधल्या कंपनीचा माल.

एक हिशेब पाहू. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे २०२४-२५ चे उत्पन्न सुमारे ३,००० कोटी डॉलर होते आणि मार्च २०२५ अखेर कर्मचारी ६ लाखांहून अधिक. म्हणजे दरडोई उत्पन्न साधारण ५०,००० डॉलर. मोठ्या कंपन्यांत नव्या इंजिनियरचा वार्षिक पगार मात्र गेली अनेक वर्षे साडेतीन लाख रुपयांच्या आसपास घुटमळतो आहे. डॉलरमध्ये तो चार हजारांच्या आसपास भरतो. हे सगळे अंतर म्हणजे नफाच, असे म्हणणे अशास्त्रीय ठरेल. त्यातून वरिष्ठांचे आणि परदेशात बसणाऱ्यांचे मोठे पगार, इमारती, इतर खर्च भागतात. तरीही त्या वर्षी या कंपनीचा कार्यकारी नफा उत्पन्नाच्या सुमारे २४ टक्के होता. अनुभवी माणसे थोडी आणि नवशिकी पुष्कळ, अशी उतरंड रचूनच हे प्रमाण टिकवले जाते.

वातानुकूलित खोलीतील बदली कामगार

ग्राहकाने पथक मोडले की इंजिनियर ‘बेंच’वर येतो. त्याचा पगार चालू असतो, पण त्याच्या नावाने बिल निघत नाही. त्याच कंपनीने जून २०२५ मध्ये नियम केला की वर्षातून २२५ दिवस बिल निघाले पाहिजे आणि बेंचवरचे दिवस ३५ च्या वर जाता कामा नयेत. पुढच्याच महिन्यात सुमारे १२,००० जणांना कमी करण्याचे तिने जाहीर केले.

मुंबईच्या गिरणीच्या दारात रोज सकाळी कामाच्या आशेने उभा राहणारा बदली कामगार मराठी कामगार चळवळीला चांगला ठाऊक आहे. बेंचवरचा इंजिनियर हा त्याचाच शिकलेला भाऊ. फरक इतकाच की गिरणीच्या बदलीला आपण बदली आहोत हे माहीत होते. याच्या हातात कायम नोकरीचे पत्र असते. काम आणण्याची जबाबदारी कंपनीची, पण काम न मिळाल्याचा दोष कामगाराच्या माथी, हा नवा व्यवहार आहे.

आता तर पथक उभे करायचे, काही वर्षे चालवायचे आणि मग माणसांसकट ग्राहकाच्या हवाली करायचे, असेही करार होतात. परदेशी कंपन्यांच्या स्वतःच्या केंद्रांची संख्या २०२४ मध्ये भारतात १,७०० च्या वर गेली होती आणि त्यांत सुमारे १९ लाख लोक काम करीत होते. मधला दलाल गेला तरी स्वस्त श्रमशक्तीचा आधार तोच राहिला.

हे कोणाच्या बळावर उभे राहिले?

काही उद्योजकांच्या साहसातून हे सारे निर्माण झाले, अशी कथा शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोचली आहे. इन्फोसिसची स्थापना १९८१ साली पुण्यात सात इंजिनियरांनी केली आणि १९८३ साली ती बंगळूरला आली, हे खरे आहे. पण ती ज्या शहरात आली ते शहर कोणी घडवले? मल्लेश्वरमच्या सीमेवर, लोक ज्याला अजूनही ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात, ती भारतीय विज्ञान संस्था १९०९ पासून उभी होती. हिंदुस्थान एरोनॉटिक्स, भारत इलेक्ट्रॉनिक्स, एचएमटी, इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज या सार्वजनिक कारखान्यांनी येथे तंत्रज्ञांच्या पिढ्या तयार केल्या. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळूरमध्ये केंद्र उघडले आणि उपग्रहाद्वारे अमेरिकेशी जोडून घेतले. माणूस न पाठवता त्याचे श्रम पाठवण्याचा मार्ग येथे मोकळा झाला. १९९१ पासून सरकारी सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्सनी ही सोय लहान कंपन्यांनाही दिली. निर्यातीच्या नफ्यावरील आयकराची सूट मार्च २०११ पर्यंत चालू होती. शिक्षण, दळणवळण, करसवलत हा सगळा पाया जनतेच्या पैशाचा आहे.

याच शहरात १९८०-८१ मध्ये सार्वजनिक उद्योगांतील कामगारांनी ७७ दिवसांचा संप केला होता. त्यानंतर आलेल्या उद्योगाने संघटनेला दाराबाहेर ठेवण्याची काळजी पहिल्या दिवसापासून घेतली.

घड्याळ आणि कायदा

न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तेथील घड्याळे मागे सरकतात आणि तीच बैठक येथे साडेसातला भरते. ग्राहक कॅलिफोर्नियाचा असेल तर रात्रीचे साडेदहा. दिवसाची हजेरी सुटत नाही ती नाहीच. घरी लॅपटॉपपुढे गेलेले हे तास कोणत्या नोंदवहीत लिहिले जातात? बहुधा कोणत्याच नाही. जुलै २०२४ मध्ये कर्नाटकात दिवसाला १२ तास अधिक २ तास ओव्हरटाइम अशी दुरुस्ती पुढे आली, ती या बेहिशेबी वेळेला कायद्याची मान्यता देण्यासाठीच. २०१७ साली स्थापन झालेल्या येथील आयटी कर्मचारी संघाने रस्त्यावर उतरून विरोध केला आणि त्या वेळी तरी तो प्रस्ताव पुढे सरकला नाही.

१९४६ च्या स्थायी आदेश कायद्यातून या उद्योगाला कर्नाटक सरकारने वर्षानुवर्षे सूट दिली. जून २०२४ मध्ये आणखी पाच वर्षांची. नोकरीच्या अटी लेखी आणि प्रमाणित असाव्यात, शिस्तभंगाच्या कारवाईला रीत असावी, एवढीच त्या कायद्याची माफक अपेक्षा होती. सुटीच्या बदल्यात तक्रार निवारण समित्या नेमण्याची अट होती, आणि तिची अंमलबजावणी होते का हे पाहण्याची मागणी संघटनेला सतत करावी लागली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. आता हा कायदा औद्योगिक संबंध संहितेत सामावला गेला असून स्थायी आदेशांची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर नेली आहे. लहान पथके चालवणाऱ्या असंख्य कंपन्या त्यामुळे आपोआप बाहेर राहतील.

आपली भूमिका

‘एवढा पगार घेणारे कसले कामगार?’ असा प्रश्न आपल्यातच विचारला जातो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने ‘तांत्रिक’ काम करणाऱ्याला कामगारच मानले होते आणि नव्या संहितेतही तो शब्द कायम आहे. पदनाम इंग्रजी आणि भारदस्त असले म्हणून श्रमशक्ती विकण्याचा व्यवहार बदलत नाही.

दुसरा सापळा देशांचा आहे. तुमची नोकरी बंगळूरने पळवली, असे अमेरिकेतील कामगाराला सांगितले जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क बसवले गेले ते याच भावनेवर. येथील कामगाराला सांगितले जाते की जास्त मागाल तर काम फिलिपाइन्सला जाईल. नोकरी हलवण्याचा निर्णय मात्र दोघांपैकी एकाच्याही हातात नसतो.

म्हणून कामे स्पष्ट आहेत. परदेशातील ग्राहकापर्यंत आपला कायदा पोचत नाही; पण करारावर सही करणारी कंपनी येथेच आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ‘मूळ मालका’ची जबाबदारी मान्य केली होती. त्याच तत्त्वाने पथक मोडल्यावरचा काळ, नव्या कामाचे प्रशिक्षण आणि नुकसानभरपाई ही या कंपनीची बंधनकारक जबाबदारी ठरली पाहिजे. रात्रीच्या बैठकींचे तास नोंदले जावेत आणि त्यांचा मोबदला मिळावा. किती जणांना ‘राजीनामा’ द्यायला लावले, याची माहिती कामगार खात्याकडे जावी.

सांगली, लातूर, नांदेडहून आलेली हजारो मराठी मुले या शहरात भाड्याच्या खोल्यांतून राहतात. पहिल्याच भेटीत त्यांच्यापुढे सभासदत्वाचा अर्ज ठेवू नका. नेमणुकीचे पत्र त्यांच्याबरोबर बसून वाचा, शेवटच्या महिन्यातील रात्रीचे तास मोजा. कानडी, तमिळ, मल्याळी सहकाऱ्यांनाही त्या बैठकीला बोलवा. तो हिशेब कागदावर उतरला, की मालक कोण या प्रश्नाचे उत्तर ते स्वतःच शोधू लागतील.